ध्येय भिंतीवर, काम जमिनीवर

कंपनीच्या स्वागतकक्षात 'आमचे ध्येय' चौकटीत झळकत असते. वार्षिक सभेत अध्यक्ष ते वाचून दाखवतात. मात्र 'या ध्येयासाठी तुम्ही आज नेमके काय करता?' असे कारखान्यातील यंत्रचालकाला किंवा बँकेच्या शाखेतील कारकुनाला विचारले, तर उत्तर मिळतेच असे नाही. वरिष्ठांनी ठरवलेली दिशा आणि प्रत्यक्ष चालणारे काम यांची सांगड कशी घालावी, हा व्यवस्थापनातील जुना प्रश्न आहे. ही सांगड योग्य रीतीने घातली तर काय साधते आणि चुकली तर काय घडते, हे अमेरिकेतील दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

सुरक्षेचे सूत्र

ॲल्युमिनियम उत्पादनातील 'अल्कोआ' या कंपनीची सूत्रे पॉल ओ'नील यांनी १९८७ मध्ये स्वीकारली. गुंतवणूकदारांसमोरील पहिल्याच भाषणात त्यांनी नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेला अग्रक्रम दिला आणि अपघात शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. श्रोते बुचकळ्यात पडले. काही महिन्यांतच ॲरिझोनातील कारखान्यात अडकलेले यंत्र दुरुस्त करण्यासाठी सुरक्षा कठडा ओलांडून गेलेल्या एका तरुण कामगाराचा मृत्यू झाला. ओ'नील यांनी या मृत्यूची जबाबदारी स्वतःसह संपूर्ण व्यवस्थापनावर घेतली.

त्यांनी नियम घालून दिला. कोणत्याही कामगाराला दुखापत झाल्यास विभागप्रमुखाने २४ तासांच्या आत ओ'नील यांना कळवायचे आणि तशी घटना पुन्हा घडू नये यासाठीची योजनाही सादर करायची. त्यासाठी कारखाना व्यवस्थापक, पर्यवेक्षक आणि कामगार यांच्याकडून तातडीने माहिती मिळणे अपरिहार्य ठरले. संवादाची ही वाट एकदा खुली झाल्यावर उत्पादन सुधारण्याच्या सूचनाही त्याच वाटेने वर येऊ लागल्या. अपघाताचे कारण शोधताना प्रक्रियेतील दोषही उघड होत गेले.

कामाचे दिवस बुडवणाऱ्या दुखापतींचे प्रमाण दर १०० कामगारांमागे वर्षाला १.८६ होते. ते २००० पर्यंत ०.२ वर आले. याच काळात कंपनीचा वार्षिक नफा सुमारे पाचपट झाला. अर्थात, त्यात अन्य कंपन्यांच्या खरेदीचाही वाटा होता. परंतु सुरक्षितता आणि नफा परस्परविरोधी नाहीत, हे सिद्ध झाले.

आकड्यांचा सापळा

'वेल्स फार्गो' बँकेतही उद्दिष्ट शेवटच्या कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचले होते. प्रत्येक ग्राहकाला बँकेच्या आठ सेवा विकाव्यात, असे धोरण होते. ग्राहकाशी नाते दृढ करणे हा त्यामागील हेतू. पण मोजली जात होती ती खात्यांची संख्या. रोजच्या लक्ष्याच्या दडपणाखाली कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच लाखो खाती उघडली. हा गैरप्रकार २०१६ मध्ये चव्हाट्यावर आला तेव्हा बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले होते. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनाही पायउतार व्हावे लागले.

सांगड कशी घालावी?

मोजमाप एकाच आकड्यावर बेतू नये, या विचारातून रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन यांनी १९९२ मध्ये 'बॅलन्स्ड स्कोअरकार्ड' ही पद्धत मांडली. आर्थिक स्थितीबरोबरच ग्राहक, अंतर्गत कार्यपद्धती आणि शिक्षण व विकास या चार अंगांनी तीत कामगिरी तपासली जाते. जपानमधील 'होशिन कानरी' पद्धतीत वरिष्ठांनी सुचवलेले उद्दिष्ट कनिष्ठांकडे जाते आणि त्यांच्या अडचणी व सूचनांसह परत येते. चेंडूच्या झेलाझेलीप्रमाणे चालणाऱ्या या चर्चेनंतरच ते पक्के होते.

दोन्ही कंपन्यांत आदेश वरूनच आला होता. अल्कोआत वाईट बातमी वर पोहोचवणे हे कर्तव्य ठरले, तर बँकेत लक्ष्य न गाठणे हाच गुन्हा ठरला. त्यामुळे उद्दिष्ट ठरवताना 'हे गाठता येत नसेल, तर कर्मचारी ते निर्धास्तपणे सांगू शकेल का?' हा प्रश्न व्यवस्थापनाने आधी स्वतःला विचारणे श्रेयस्कर.