गर्दीचा कौल

१८ जानेवारी १९७१च्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्रुनो सामार्तिनो हरला. इव्हान कोलोफ नावाच्या दाढीवाल्या 'रशियन' मल्लाने वरच्या दोरावरून उडी घेत त्याच्यावर गुडघा टाकला, पंचाने तीन थापा मोजल्या आणि सात वर्षं आठ महिने टिकलेलं विजेतेपद संपलं. सुमारे वीस हजार माणसं जागच्या जागी गप्प झाली. आपल्या कानांनाच काहीतरी झालं असं त्या क्षणी वाटलं, असं सामार्तिनो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. परत जाताना त्याला रडणारी माणसं दिसली. कोलोफला विजेत्याचा पट्टा रिंगमध्ये दिलाच नाही. दंगल उसळेल या धास्तीने त्याला घाईघाईने आत नेलं.

निकाल आधी ठरलेला होता, आणि व्यावसायिक कुस्तीत निकाल ठरवले जातात हे गुपित तर फार आधीच फुटलं होतं. १९३०च्या दशकातच न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी या धंद्याची आतली व्यवस्था छापली होती. तरीही चाळीस वर्षांनी त्याच शहरातली माणसं रडली. त्यांना भोळं ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. खरं-खोटं यापलीकडचं काहीतरी ती माणसं त्या सभागृहात शोधत होती.

सामार्तिनोचं आयुष्य पाहिलं की थोडा उलगडा होतो. इटलीतल्या पित्सोफेराटो या डोंगरी गावात त्याचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यापासून वाचण्यासाठी त्याची आई मुलांना घेऊन डोंगरात लपली होती. १९५०मध्ये हे कुटुंब अमेरिकेत पिट्सबर्गला पोहोचलं, तेव्हा हा मुलगा हडकुळा आणि आजारी होता. पुढे त्याच मुलाने वजनं उचलून देह कमावला. गार्डनमध्ये येणाऱ्या इटालियन, ग्रीक, पोर्तो रिकन कामगारांना त्याच्या छातीच्या घेरात आपलीच कहाणी दिसत होती. कोलोफ मात्र रशियन नव्हताच. त्याचं खरं नाव ओरिअल पेरास, आणि तो होता कॅनडाचा. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी गर्दीला जो माणूस हवा होता, तो त्याने अंगावर चढवला होता.

त्याला जिंकवण्यामागे धंद्याचं साधं गणित होतं. सामार्तिनोला विश्रांती हवी होती आणि पुढचा विजेता म्हणून पोर्तो रिकोच्या पेद्रो मोरालेसची निवड होत होती. दोन लाडक्या नायकांना एकमेकांसमोर उभं केलं असतं, तर गर्दी दुभंगली असती. म्हणून मध्ये एक खलनायक घातला. बरोबर तीन आठवड्यांनी, ८ फेब्रुवारीला, मोरालेसने कोलोफला हरवलं आणि न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन वस्तीला तिचा नायक मिळाला.

मराठी वाचकाच्या मनात इथे आपली कुस्ती उभी राहणार, आणि ते रास्तच आहे. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात १९१२पासून माणसं कुस्ती बघतात. तिथे हलगी कडाडते, चांगल्या डावाला दोन्ही बाजूंनी दाद मिळते, जिंकलेला पैलवान मैदानाला फेरी मारून बक्षीस गोळा करतो. कोण कोणत्या तालमीचा, कोणत्या गावचा, यावरून पक्ष पडतात. पण हरणारा दुष्ट असतो, असं कुणी मानत नाही. त्या मातीत वाढलेल्या डोळ्यांना रिंगमधली लढत लुटुपुटूची वाटते.

पण खऱ्या कुस्तीला तिकीट काढून आलेल्या शहरी गर्दीसमोर एक मोठी अडचण होती. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये आपला गामा पैलवान आणि पोलंडचा स्टानिस्लाउस झ्बिश्को भिडले. झ्बिश्को चटईला चिकटून राहिला आणि अडीच तासांहून अधिक वेळ गामाला त्याला उलटवता आलं नाही. जाणकाराला त्यात गामाची चिकाटी दिसेल, पण पैसे मोजून आलेल्या माणसाला फक्त एक पालथा देह दिसत होता. अशा कुस्त्यांनी धंदा बसत चालला होता. १९२०च्या दशकात अमेरिकेत एड 'स्ट्रँगलर' लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी खेळाचा साचाच बदलला. वेळेची मर्यादा आली, उचलून आपटणं आलं, दोरांवरून उड्या आल्या, आणि हळूहळू प्रत्येक लढतीला गोष्ट आली. गोष्ट आली म्हटल्यावर तिच्यात कुणीतरी वाईट असायलाच हवं.

या धंद्यात खलनायकाला 'हील' म्हणतात आणि नायकाला 'बेबीफेस'. गर्दीत पेटणाऱ्या रागाला 'हीट' असं नाव आहे, आणि हीट कमावणं हे जास्त कसबाचं काम समजलं जातं. जुन्या पद्धतीत लढत चालवायचा तो हीलच. कधी थांबायचं, प्रतिस्पर्ध्याला कधी उठू द्यायचं, हे तो गर्दीच्या आवाजावरून ठरवायचा आणि समोरच्याच्या कानात कुजबुजायचा. मार खाऊन पडलेला नायक हळूहळू हात उचलतो आणि गर्दी पाय आपटू लागते, तो क्षण आधीच्या दहा मिनिटांच्या दुष्टपणावर उभा असतो.

यातली सर्वात जुनी आणि आजही हमखास चालणारी युक्ती म्हणजे पंचाची पाठ. पंच दुसरीकडे वळतो, खलनायक चड्डीत लपवलेली वस्तू काढून मारतो, पंच फिरतो तेव्हा हात रिकामे. हजारो माणसांनी पाहिलं, एकट्या न्यायाधीशाने पाहिलं नाही. सभागृह ओरडून साक्ष देतं आणि पंच ऐकत नाही. कचेरीत, कोर्टात, कारखान्यात हाच अनुभव घेऊन आलेल्या माणसाला इथे निदान घसा फोडून 'बघ, बघ!' असं ओरडता येतं. शेजारचा अनोळखी माणूसही तेच ओरडत असतो. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थने पॅरिसच्या कळकट सभागृहांतल्या कुस्त्यांवर लिहिलेला निबंध १९५७च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये आहे. लढत ठरलेली आहे की नाही याची प्रेक्षकाला फिकीर नसते, त्याला दुःख, पराभव आणि न्याय डोळ्यांना दिसतील अशा रूपात हवे असतात, असा त्याचा मुद्दा आहे. मला तो आजही खणखणीत वाटतो. आपल्याकडे निळू फुल्यांचा पाटील पडद्यावर आला की खेडोपाडी बाया त्यांना शिव्याशाप द्यायच्या. प्रत्यक्षातला हा सज्जन माणूस त्या शिव्यांना अभिनयाची पावती मानायचा. तो पाटील त्या बायांनी खऱ्या आयुष्यात पाहिलेला होता.

मात्र रिंगमधल्या रागाची किंमत अनेकदा अंगावर मोजावी लागली. जुन्या पिढीतल्या हील मल्लांनी चाकूचे वार झेलले, त्यांच्या गाड्या फोडल्या गेल्या. फ्रेडी ब्लासी आपल्यावर वीसपेक्षा जास्त वेळा वार झाल्याचं सांगायचा. आकडा अतिशयोक्त असेल, धोका खरा होता.

त्याहून गंभीर प्रश्न हा, की खलनायक म्हणून निवडतात कुणाला? दुसऱ्या महायुद्धानंतर टेक्सासचा जॅक अॅडकिसन 'फ्रिट्झ फॉन एरिक' बनून जर्मन क्रूरता दाखवत फिरला. इराणमधून आलेला हुसेन खोसरो अली वझीरी हा खरोखरीचा कसलेला मल्ल. १९७१मध्ये त्याने अमेरिकेची राष्ट्रीय हौशी स्पर्धा ग्रीको-रोमन प्रकारात जिंकली होती. तेहरानमधल्या ओलीसनाट्यानंतर तो 'आयर्न शेख' म्हणून अमेरिकेचा तिरस्कार झेलू लागला. २३ जानेवारी १९८४ला हल्क होगनने त्याला गार्डनमध्येच हरवलं आणि होगनयुगाची सुरुवात झाली.

गर्दी नायकही असाच घडवते. जपानमध्ये टीव्ही नुकता आला होता. १९ फेब्रुवारी १९५४ला टोकियोत रिकिडोझानने जोडीदार किमुराबरोबर शार्प बंधूंशी लढत दिली, तेव्हा चौकाचौकांत लावलेल्या टीव्हींसमोर माणसांचे लोंढे जमले. युद्ध हरलेल्या देशाला एक जपानी माणूस धिप्पाड गोऱ्यांना कराटेच्या फटक्यांनी लोळवताना दिसत होता. शार्प बंधू कॅनडाचे होते आणि रिकिडोझान जन्माने कोरियन होता. हे मूळ त्याने हयातभर लपवून ठेवलं. जपानमध्ये कोरियन माणसाला जी वागणूक मिळे, ती पाहता त्याला दुसरा मार्गही नव्हता.

मुंबईच्या गर्दीचा नायक दारा सिंग. तरुणपणी सिंगापूरला जाऊन तिथे तयार झालेला हा पंजाबी मल्ल वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये उतरे. त्याच्या समोरचा आवडता राक्षस म्हणजे मूळचा हंगेरियन एमिल चाया, ऊर्फ किंग काँग. त्याचा अवाढव्य देहच खलनायकीला पुरेसा होता. २९ मे १९६८ला दारा सिंगने मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. थेझ या धंद्यातला सर्वात मानाचा मल्ल होता आणि त्याला दुष्टपणा करण्याची गरज नव्हती. परदेशी दिग्गज आपल्या मातीत चीत होतो, एवढं कथानक गिरणगावाच्या या शहराला भावणारं होतं. पुढे १९८७मध्ये हाच दारा सिंग दूरदर्शनच्या 'रामायण'मध्ये हनुमान झाला, तेव्हा ती निवड कुणालाच खटकली नाही.

खलनायक निवडण्याचा हा खेळ कुठे जातो, याचं मला सर्वात अस्वस्थ करणारं उदाहरण मोहम्मद हसनचं. २००४च्या अखेरीस डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीने हे पात्र आणलं. तो अमेरिकेत जन्मलेला अरब असल्याचं दाखवलं होतं. साकारणारा मार्क कोपानी मात्र इटालियन वंशाचा. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आपल्यासारख्या नागरिकांकडे संशयाने पाहिलं जातं, एवढीच हसनची तक्रार होती. ती शंभर टक्के खरी होती. आणि ती मांडली की सभागृह हुर्यो उडवायचं. ७ जुलै २००५ रोजी दाखवल्या गेलेल्या भागात बुरखाधारी माणसांनी त्याच्या वतीने अंडरटेकर या मल्लाचा गळा तारेने आवळला. चित्रण तीन दिवस आधीचं होतं, पण नेमक्या त्याच सकाळी लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले. वाहिनीने त्याला पुन्हा पडद्यावर आणायला नकार दिला आणि महिनाअखेरच्या आत ते पात्र संपलं. इथे गर्दीचा राग अन्यायाविरुद्ध राहिला नव्हता. अन्याय सांगणाऱ्याविरुद्ध तो वळवला होता, आणि वळवणाऱ्यांना आपण काय करतोय हे ठाऊक होतं.

जागा बदलली की भूमिका कशी उलटते, हे ब्रेट हार्टने दाखवलं. २३ मार्च १९९७ला शिकागोजवळच्या रोझमाँटमध्ये तो नायक म्हणून रिंगमध्ये उतरला. समोरचा स्टीव्ह ऑस्टिन खलनायक. हार्टच्या पकडीत ऑस्टिनचा चेहरा रक्ताने माखला, पण त्याने हार मानली नाही आणि शुद्ध हरपेपर्यंत तो झुंजला. पडलेल्या ऑस्टिनला हार्ट मारतच राहिला. लढत सुरू झाली तेव्हा ज्याला टाळ्या होत्या, त्याला संपताना हुर्यो मिळाली. तो क्षण आखलेला होता, पण आखणाऱ्यांनी काही महिने गर्दीचा कल बारकाईने ऐकला होता. शिस्तीचा, सभ्य हार्ट लोकांना उपदेशी वाटू लागला होता आणि मालकाला जुमानत नसलेला ऑस्टिन जवळचा. मग हार्ट अमेरिकेच्या नैतिक ऱ्हासावर बोलू लागला. अमेरिकी शहरांत त्याच्यावर शिव्यांचा भडिमार होई, आणि त्याच जुलैत त्याच्या गावी, कॅनडातल्या कॅल्गरीत, तो त्याच तोंडाने तेच बोलून देवासारखा पुजला गेला.

जिंदर महलचंही असंच झालं. हाही कॅल्गरीचाच, पंजाबी कुटुंबातला. मे २०१७मध्ये रँडी ऑर्टनला हरवून तो विजेता झाला आणि अमेरिकी प्रेक्षकांसमोर पंजाबीत बोलून त्यांचा राग ओढवून घेऊ लागला. डिसेंबरमध्ये दिल्लीत तो ट्रिपल एचसमोर उभा राहिला. जिंकला ट्रिपल एच, आणि मग दोघांनी भांगडा केला. नव्वदच्या दशकात ज्या मुलांनी महाराष्ट्राच्या शाळांतून या मल्लांची उंची-वजनं छापलेली पत्त्यांची पाकिटं जपली, त्या पिढीला ट्रिपल एच महलपेक्षा कितीतरी जुना ओळखीचा होता. रक्ताच्या नात्यापेक्षा ती ओळख भारी ठरू शकते, हे कंपनीने बरोबर ताडलं होतं.

एकविसाव्या शतकात गर्दी आज्ञा ऐकेनाशी झाली. जॉन सीना हा मुलांचा आदर्श म्हणून उभा केलेला नायक. लहान मुलं त्याच्या बाजूने घोष करायची आणि त्यांचे वडील त्याच लयीत विरोधात. ११ जून २००६ला न्यूयॉर्कच्या हॅमरस्टीन बॉलरूममध्ये सीनाने प्रथेप्रमाणे आपला शर्ट गर्दीत फेकला, तर तो पुन्हा पुन्हा त्याच्याच अंगावर परत आला. २०१४च्या जानेवारीत पिट्सबर्गच्या रॉयल रंबलमध्ये, म्हणजे एकेक करून मल्ल उतरणाऱ्या लढतीत, लाडक्या डॅनियल ब्रायनला घेतलं नाही म्हणून लोक इतके भडकले, की शेवटच्या, तिसाव्या क्रमांकावर आलेल्या रे मिस्टेरिओलाही त्यांनी हुर्यो दिली. मिस्टेरिओवर कुणाचाच राग नव्हता. तो ब्रायन नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा. एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्सला कंपनीने अंगापिंडाने लहान असलेल्या ब्रायनला विजेता केलं, तेव्हा सत्तर हजारांच्या घरातली गर्दी दोन्ही हातांची बोटं उंचावून 'येस, येस' ओरडत होती. तिला आपला विजय कळला होता. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाच्या रंबलमध्ये कंपनीने नायक ठरवलेल्या रोमन रेन्सला जिंकवलं आणि लाडक्या रॉकने येऊन त्याचा हात उंचावला, तरी लोक बधले नाहीत.

गर्दीचं या खेळातलं खरं वजन कळलं ते २०२०मध्ये. महासाथीमुळे कंपनीचा त्या वर्षीचा रेसलमेनिया सोहळा ओरलँडोच्या प्रशिक्षण केंद्रात रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला. फटका बसला की मल्ल थांबे, आणि त्या थांब्यात काहीच नसे. ती जागा नेहमी लोकांच्या आवाजाने भरायची. नंतर भिंतभर पडद्यांवर घरी बसलेल्या प्रेक्षकांचे चेहरे लावले, ध्वनिमुद्रित गोंगाट सोडला. याच निर्जन काळात रोमन रेन्स खलनायक म्हणून परतला. वर्षभराने प्रेक्षक सभागृहात आले तेव्हा, नायक म्हणून ज्याला त्यांनी धुडकावलं होतं, त्याच्या दुष्टपणाला त्यांनी मनापासून दाद दिली.

निवृत्तीच्या वर्षात, १ मार्च २०२५ला, टोरांटोत सीनालाही अखेर खलनायक केलं. वीस वर्षं जे त्याच्याविरुद्ध ओरडत होते, त्यांच्या मनासारखं झालं होतं. पण शहरामागून शहर त्याच्यासाठी टाळ्या वाजवत राहिलं. आता तो फार दिवस दिसणार नव्हता, आणि लोकांना त्याच्यावर रागवायचं नव्हतं. ऑगस्टमध्ये कंपनीने त्याला पुन्हा नायक केलं.