बालकांच्या खाऊतील शुष्कफळे : द्रव्य सांगितले, मात्रा सांगितली का?

चिकित्सालयात बालरुग्णाला घेऊन येणारी माता औषधाची पुडी हाती पडल्यावर बहुधा एक प्रश्न विचारते, "वैद्यराज, याला खायला काय देऊ?" बिस्किटे, चॉकलेट व पाकिटबंद खारे पदार्थ बंद करा, असे आपण सांगतो. त्यांच्या जागी काय द्यावे, याचे उत्तर मात्र "बेदाणे द्या, खारीक द्या" एवढ्यावर संपते. हे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे, हे मला एका रुग्णामुळे कळले.

काही वर्षांपूर्वी दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्षबागायतदार कुटुंबातील पाच वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. अरुची, पांडुता, लवकर थकणे ही लक्षणे होती. घरचीच द्राक्षे व घरचेच बेदाणे असल्याने मी औषधासोबत रोज भिजवलेले बेदाणे देण्यास सांगितले. किती व केव्हा द्यावेत, हे सांगितले नाही. दोन महिन्यांनी मुलगी पुन्हा आली तेव्हा पांडुता तशीच होती. आईने श्रद्धेने बेदाण्यांची वाटी दिवसभर मुलीपुढे ठेवली होती. त्यामुळे भाकरी, वरण, भाजी यांची इच्छाच राहिली नव्हती आणि दोन दाढाही किडू लागल्या होत्या. मुलगी भिंतीची माती खाते, ही गोष्ट आईने तेव्हा प्रथम सांगितली. कारण तेव्हाच मी प्रथम विचारली. पुढे रक्ततपासणी, कृमिचिकित्सा, लोहाची योग्य योजना आणि भोजनोत्तर मोजके बेदाणे या क्रमाने ती सुधारली. पहिल्या दोन महिन्यांचा दोष बेदाण्यांचा नव्हता, तो माझ्या सल्ल्याचा होता. म्हणून हा लेखप्रपंच.

शास्त्राधार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अग्र्यद्रव्यांच्या गणनेत फळांमध्ये मृद्वीका श्रेष्ठ मानली आहे. वाग्भटाचार्यांनीही द्राक्षेला फळांत उत्तम म्हटले आहे. ती मधुर, स्निग्ध, शीत, गुरु आणि मलमूत्रप्रवर्तक आहे. तथापि चरकाचार्यांनी पांडुचिकित्सेत द्राक्षाघृत सांगितले असले तरी त्याच अध्यायात नवायस चूर्ण व पुनर्नवा मंडूर यांसारखे लोहप्रधान कल्पही दिले आहेत. द्राक्षा पोषक व सहायक असून ती लोहाची जागा घेत नाही, असा अर्थ त्यातून निघतो. आधुनिक आहारशास्त्रही वेगळे सांगत नाही. मूठभर बेदाण्यांतील लोह बालकाच्या दैनंदिन गरजेचा लहानसा अंशच भागवते आणि वनस्पतिजन्य लोहाचे शोषणही मर्यादित असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे ६९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. अशा राज्यात "बेदाणे खा, रक्त वाढेल" असे सहज बोलून जाणे वैद्याला परवडणारे नाही.

खाऊची कल्पनाही आपल्या ग्रंथांना नवीन नाही. काश्यप संहितेत सहाव्या महिन्यात फलप्राशन आणि त्यानंतर अन्नप्राशन असा क्रम आहे. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात स्तन्य सुटलेल्या बालकासाठी तीन मोदक सांगितले आहेत. चारोळी, ज्येष्ठमध, मध, लाह्या व खडीसाखर यांचा मोदक प्रीणन करणारा. कोवळे बेलफळ, वेलची, साखर व लाह्यांचे पीठ यांचा दीपन करणारा. आणि धायटीची फुले, साखर व लाह्या यांचा संग्राही. कृश बालक, मंदाग्नीचे बालक आणि द्रवमलप्रवृत्तीचे बालक यांचा खाऊ वाग्भटांनी वेगवेगळा ठेवला आहे. आपण मात्र तिघांनाही एकच वाटी देतो.

नाशिकची द्राक्षे, घरचे बेदाणे

आपल्या जिल्ह्यात जानेवारी ते एप्रिल हा द्राक्षाचा हंगाम असतो. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात घडांपासून सुटलेले मणी स्वस्त मिळतात. फेब्रुवारीनंतरची कोरडी हवा व ऊन वाळवणास अनुकूल असते. व्यापारी पद्धतीत घड पोटॅशियम कार्बोनेट व इथाइल ओलिएट, म्हणजे ज्याला शेतकरी 'डिपिंग ऑइल' म्हणतात, यांच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये सावलीत वाळवितात. पिवळा रंग टिकविण्यासाठी अनेक ठिकाणी गंधकाची धुरी देतात. या धुरीचा अंश काही तमकश्वासी बालकांमध्ये श्वासवेग उत्पन्न करू शकतो. म्हणून श्वासाच्या बालरुग्णाचा इतिहास घेताना बेदाण्यांविषयीही विचारावे.

घरगुती कृती सोपी आहे. पूर्ण पिकलेले, न फुटलेले, बिनबियांचे मणी स्वच्छ पाण्यात दोन-तीन वेळा धुवावेत. उकळत्या पाण्यात ते वर येऊन सालीला बारीक चिरा पडेपर्यंतच ठेवून लगेच निथळावेत. स्वच्छ सुती कापडावर एका थरात पसरून वरून मलमल बांधावी. उन्हाच्या तीव्रतेनुसार सुमारे चार ते सहा दिवस लागतात. रात्री ताटे घरात घ्यावीत. दाबल्यावर रस न सुटणारा, पण मऊ असा मणी तयार झाला असे समजावे. नंतर आठवडाभर बरणीत ठेवून रोज हलवावे. काचेवर ओल दिसल्यास पुन्हा ऊन द्यावे. बुरशी आलेला घाणा पूर्ण टाकावा, निवडून वापरू नये. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो.

हा बेदाणा तपकिरी होतो आणि तो पाहून माता निराश होतात. रंग गंधकाविना असाच येतो, हे आधीच सांगावे. फवारणीचे अंतरंगात गेलेले अंश धुण्याने जात नाहीत, हेही लक्षात ठेवावे. २०१० साली क्लोरमेक्वाट या वृद्धिनियामकाच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षांची युरोपातील निर्यात अडचणीत आली होती. त्यामुळे शेवटची फवारणी केव्हा झाली, हे बागायतदारास विचारूनच माल घ्यावा.

मार्गशीर्ष-पौषात आवळ्याच्या वाफवलेल्या फोडी सैंधव व जिरेपूड लावून सावलीत वाळवाव्यात. नित्य सेवनास योग्य अशा मोजक्या द्रव्यांत चरकाचार्यांनी आमलकाची गणना केली आहे. आवळ्याच्या आंबटपणामुळे जेवणातील लोहाचे शोषण वाढण्यासही साहाय्य होते. वैशाखात तूप लावलेल्या ताटात आमरसाचे पातळ थर एकावर एक वाळवून साखरेविना आंबापोळी करता येते.

वाग्भटांच्या मोदकाचे आजचे रूप

लाह्यांचे पीठ चार भाग, घरचे बेदाणे बारीक वाटून चार भाग, चारोळीचे भरड दोन भाग, ज्येष्ठमधाचे चूर्ण चिमूटभर आणि वळण्यापुरते गाईचे तूप घ्यावे. बेदाण्यांमुळेच गोडी व चिकटपणा येत असल्याने साखर लागत नाही. मध घालावयाचा झाल्यास तुपाशी समप्रमाण होऊ देऊ नये आणि एक वर्षाखालील बालकास मध मुळीच देऊ नये. सुपारीएवढा एक मोदक दुपारच्या खाऊस पुरेसा होतो.

मात्रा, काल व निषेध

बेदाण्याच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग शर्करा असते. म्हणून 'साखर नाही' या समाधानात राहू नये. माझ्या व्यवहारात एक ते तीन वर्षे वयास पाच ते आठ, चार ते आठ वर्षे वयास दहा ते पंधरा बेदाणे रात्री भिजवून, भोजनानंतर किंवा दुपारी एकदाच देतो. चार वर्षांखालील बालकास अखंड बेदाणा, बदाम किंवा खारकेचा तुकडा देऊ नये. तो श्वासमार्गात अडकण्याचा धोका असतो. कुस्करून किंवा वाटूनच द्यावे. खाल्ल्यावर चूळ भरावयास लावावी. आमावस्था, अतिसार, कफज कास, स्थौल्य आणि मधुमेह असलेल्या बालकांत हा खाऊ टाळावा किंवा स्वतंत्र विचार करून द्यावा. पांडुता दिसल्यास माती खाण्याची सवय व कृमी यांविषयी विचारावे आणि रक्ततपासणी करून घ्यावी.

औषधालयचालक बंधु-भगिनींस

आपल्या फळीवरील आवळा कँडी व शुष्कफळांची पाकिटे एकदा उलटून वाचावीत. घटकांत पहिले नाव साखरेचे असेल, तर तो पदार्थ मुख्यतः साखरच आहे. आय.एन.एस. २२० ही खूण गंधकाच्या अंशाची असते. श्वासाच्या रुग्णाचे पालक समोर असतील तर ती त्यांना दाखवावी. २०२२ च्या 'आयुर्वेद आहार' विनियमांनुसार चोवीस महिन्यांपर्यंतच्या बालकांसाठी या वर्गातील उत्पादन करता येत नाही, याचीही नोंद घ्यावी. ग्राहक निघताना "बाळासाठी काही आहे का?" असे विचारतो. तेव्हा पाकीट पुढे करण्याआधी बाळाचे वय विचारावे.

त्या मुलीची आई आता दर हंगामात घरचे बेदाणे करते. मुलीच्या वाट्याचे बेदाणे ती मोजून वाटीत काढते आणि बरणी वरच्या फडताळात ठेवते. मी आता 'बेदाणे' हा शब्द औषधपत्रात लिहिला की त्यापुढे संख्या व वेळ लिहितो. द्राक्षासव लिहिताना जी काळजी आपण घेतो, तीच द्राक्ष लिहितानाही घ्यावी, एवढीच समव्यवसायी मित्रांस विनंती.