उंच मेंढा कीं काटक मेंढी ?

अलीकडे पेठेंतील कांहीं व्यापारी व नोकरदार गृहस्थ माणदेशासारख्या दुष्काळी टापूंत चारदोन एकर जमीन घेतात, आणि तेथें दहावीस मेंढरें बाळगावीं असें त्यांच्या मनांत येतें. हा विचार स्तुत्य आहे. परंतु खरेदीस निघतांना ते जी नजर बरोबर नेतात ती व्यापाऱ्याची नसून जत्रेंतल्या बघ्याची असते, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें. जत तालुक्यांतील माडग्याळ मेंढ्याचें बाकदार नाक व उंची पाहून लोक भाळतात. निवडक नराची किंमत लाखांच्या घरांत जाते. तो देखणा आहे यांत वाद नाहीं. पण देखणेपणास खुराक लागतो, आणि तो चारदोन एकर माळांतून निघत नाहीं.

उलट आमची काळी दख्खनी मेंढी पाहा. वजन तीस किलोंच्या आसपास, कोकरूं बहुधा एकच, लोकर जाडीभरडी. वहीच्या हिशेबांत ती उणीच दिसेल. परंतु बाभळीच्या शेंगा व पीक निघालेल्या रानांतील धसकटें यांवर ती निभावते, कोसच्या कोस चालते, आणि थंडीवाऱ्यांत तिची लोकरच तिचें घोंगडें होते.

तिच्यावर आज आलेलें संकट दुष्काळाचें नव्हे, बाजाराचें आहे. घोंगड्यांचा खप बसला, कातरणीची मजुरीहि लोकरींतून निघेनाशी झाली; म्हणून मांसाच्या लोभानें बिनलोकरीच्या जातींचे नर कळपांत सोडले जाऊं लागले. एकदां मिसळलेलें बीज पुन्हां निवडून काढणें सोपें नाहीं.

कोणी म्हणेल, आम्ही सुधारणेच्या आड येतों. मुळींच नाहीं. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें सुंदरबनांतील चिमुकल्या गरोळ मेंढीचा जुळीं देण्याचा गुण दख्खनी मेंढींत उतरविला. सुधारणा ती हीच. मूळ राखून केलेली.

तेव्हां खरेदी करणारानें दलाल टाळून थेट धनगराच्या वाड्यावर जावें. मेंढीचें तोंड उघडून पाहावें : दोन कायमचे दांत असतील तर ती दीड वर्षाच्या सुमाराची, आठहि आले असतील तर चार वर्षांची. खालची पापणी उलटून पाहावी. ती पांढुरकी दिसल्यास जंतांचा संशय धरावा. कास चाचपावी, खूर तपासावे, पावसाळ्यापूर्वीं आंत्रविषाराची लस टोचली होती काय हें विचारावें. माद्या एका कळपांतून घेतल्यास नर दुसऱ्या कळपांतून घ्यावा. आणि मुख्य गोष्ट ही, कीं चांगली मादी धनगर सहजासहजीं विकीत नाहीं. तो तयार झालाच, तर तेथें घासाघीस करूं नये.

कारण गिऱ्हाईक जें मागतें तेंच कळपांत वाढतें. दुष्काळांत जगणारी ही जात उद्यां माळावर राहील कीं नाहीं, हें ठरविण्याचा थोडासा अधिकार आमच्या वाचकांच्या कनवटीसहि आहे. तो त्यांनीं डोळसपणें वापरावा.