रोपांचा जुना दिवा नवा कसा करावा

झाडाचे अन्न शिजते ते सूर्याच्या चुलीवर. आपल्या महाराष्ट्रात ही चूल वर्षातले बहुतेक दिवस फुकट पेटलेली असते. मग रोपांना विजेचा दिवा कशाला, असे कोणी विचारील, तर तो प्रश्न अगदी रास्त आहे. उघड्या वावरात किंवा शेडनेटखाली या दिव्याची गरज नाही. परंतु काही जागा अशा असतात, की जिथे ऊन पोचतच नाही. केळीची ऊतिसंवर्धित रोपे ज्या बंद खोल्यांत बाटल्यांमधून वाढतात, तिथे दिवा हाच सूर्य. पावसाळ्यात आठ-आठ दिवस आभाळ भरून राहिले, की रोपवाटिकेतली टोमॅटो-मिरचीची रोपे उजेडासाठी माना लांब करतात, काडीसारखी बारीक होतात, आणि लावणीनंतर वाऱ्याच्या पहिल्या झोताला आडवी पडतात. शाळेच्या विज्ञानकक्षात एखादा ट्रे वाढवायचा, तरी अडचण तीच.

एक भेद मात्र आधीच ध्यानात घ्यावा. शेवंतीच्या किंवा ड्रॅगन फ्रूटच्या शेतात रात्री दिवे लावतात, ते झाडाला रात्र लांब की आखूड याचा हुकूम देण्यासाठी. त्याला मंद उजेडही पुरतो. आज आपण बोलणार आहोत ते अन्न तयार करून देणाऱ्या दिव्याबद्दल. त्याला उजेड भरपूर लागतो, आणि म्हणून वीजही भरपूर लागते.

बरे, हे एलईडी दिवे आले कुठून? अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ साली तांबडा उजेड देणारा एलईडी बनवला. भरपूर उजेडाचा निळा एलईडी साधायला पुढे तीस वर्षे लागली. जपानचे अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी तो साधला, व त्याबद्दल त्यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तांबडा आणि निळा हे दोन्ही हाती आल्यावर रोपांसाठी जांभळ्या उजेडाचे दिवे बाजारात आले. पानातले हरितद्रव्य याच दोन रंगांचा उजेड सर्वांत अधिक शोषते, म्हणून बाकीचे रंग वाया, अशी तेव्हा समजूत होती.

ती समजूत अपुरी आहे. अमेरिकेतील मॅक्री या शास्त्रज्ञाने बावीस जातींच्या पिकांची पाने निरनिराळ्या रंगांच्या उजेडात तपासली, आणि १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हिरवा उजेडसुद्धा पानाच्या उपयोगी पडतो, असे त्यांत दिसले. तो पानात खोलवर शिरतो, हा त्याचा आणखी एक गुण. म्हणून आजचे चांगले वाढ-दिवे दिसायला साधे पांढरे असतात. त्यांत निळ्या एलईडीवर पिवळ्या स्फुरद्रव्याचा थर दिलेला असतो, आणि जोडीला थोडे तांबडे एलईडी असतात. तांबडा प्रकाशकण निळ्यापेक्षा कमी ऊर्जेत तयार होतो, म्हणून ही जोड किफायतीची ठरते. पांढऱ्या उजेडाचा आणखी एक व्यावहारिक फायदा असा, की पानावरचा करपा, भुरी किंवा मावा डोळ्यांना नीट दिसतो. जांभळ्या उजेडात सगळेच काळे दिसते आणि रोग हाताबाहेर गेल्यावर कळतो.

आता हिशेबाकडे वळू. दिव्याची किंमत वॅटवर ठरवू नये. वॅट म्हणजे दिव्याने खाल्लेली वीज. बैल किती कडबा खातो यावरून तो नांगर किती ओढतो हे कळत नाही, तसेच हे. दिवा किती प्रकाशकण देतो, ते पाहावे. त्यांची मोजणी मायक्रोमोलमध्ये करतात. डझन म्हणजे जसे बारा, तसे एक मायक्रोमोल म्हणजे सहावर सतरा शून्ये इतके कण. एक वॅट विजेत दर सेकंदाला किती मायक्रोमोल मिळतात, ही दिव्याची खरी दानत. जुन्या जांभळ्या दिव्यांत हा आकडा साधारण एक ते दीड असे. आजच्या चांगल्या एलईडीत तो अडीच ते तीन, आणि उत्तम प्रतीच्या मालात त्याच्याही थोडा वर जातो.

जुन्या दिव्यांच्या खोक्यावरचा आकडाही पारखून घ्यावा. आत तीन-तीन वॅटचे शंभर एलईडी आहेत, म्हणून बाहेर ‘३०० वॅट’ असे छापण्याची चाल होती. प्रत्यक्षात त्यांतला प्रत्येक एलईडी निम्म्याहून कमी ताकदीवर चाले. प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर मिळतो, तो लावला की खरे काय ते कळते.

समजा, अशा दिव्याची खरी ओढ १३५ वॅट निघाली आणि त्याची दानत १.२ धरली. म्हणजे उजेड झाला सेकंदाला १६२ मायक्रोमोल. तो सगळा एक चौरस मीटर जागेवर पडला, तर भाजीपाल्याच्या रोपांना पुरतो, कारण त्यांना साधारण १०० ते २०० लागतात. त्यात नेहमीचे सहा प्रोट्रे मावतात. हा दिवा रोज चौदा तास लावला, तर महिन्याला ५६.७ युनिट वीज खातो. आता तेवढ्याच उजेडासाठी २.७ दानतीचे नवे एलईडी घेतले, तर त्यांना ६० वॅट पुरतात. ड्रायव्हरमध्ये दहा टक्के वीज जाते असे धरू, म्हणजे प्लगपाशी साधारण ६६ वॅट. महिन्याचे युनिट झाले २७.७. बचत २९ युनिटांची. आपल्या बिलावरचा दर घ्या आणि २९ ने गुणा. दर आठ रुपये असेल तर २३२ रुपये वाचले. सुटे भाग व मजुरी मिळून २,४०० रुपये लागले, तर दहा-साडेदहा महिन्यांत पैसे फिटतात. पण दिवा वर्षातून दोनच महिने लागत असेल, तर पाच वर्षे लागतील. तेव्हा घाई करू नये. हा हिशेब वहीत मांडल्याशिवाय पेचकस हातात घेऊ नये.

सुधारायचे ठरले, तर काय ठेवावे आणि काय बदलावे? पत्र्याची पेटी, टांगायच्या तारा, बटन व वायर धड असतील तर ठेवावीत. ॲल्युमिनियमची कंगोरेदार पाठ, जिला हीट सिंक म्हणतात, ती तर जपूनच ठेवावी. बदलायच्या वस्तू दोन : एलईडीची पाटी आणि ड्रायव्हर. जुन्या एलईडींवरची भिंगे व समोरची काच काढून टाकली तर अडणारा उजेडही मोकळा होतो. मात्र मग तुषार आणि ओलीपासून पाटी जपली पाहिजे.

ड्रायव्हर म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. साध्या बल्बसारखा एलईडी सरळ विजेवर लावता येत नाही. दाब जरासा वाढला तरी त्यातला प्रवाह एकदम चढतो. तापला की आणखी चढतो, आणि शेवटी तो जळतो. म्हणून मध्ये एक पाटकरी लागतो. कालव्यावरचा पाटकरी जसे प्रत्येकाच्या शेतात ठरल्याइतकेच पाणी सोडतो, तसा ड्रायव्हर ठरल्याइतकाच प्रवाह सोडतो. घेताना ‘स्थिर प्रवाहाचा’ ड्रायव्हर मागावा, आणि त्याचे माप पाट्यांशी जुळवून घ्यावे. उदाहरणार्थ, दोन पाट्या आहेत आणि १.३ अँपिअर प्रवाहावर प्रत्येकीला २३ व्होल्ट लागतात. त्या एकापुढे एक जोडल्या, तर ४६ व्होल्ट झाले. मग १.३ अँपिअरचा, आणि ज्याच्या दाबाच्या मर्यादेत ४६ व्होल्ट बसतात असा, म्हणजे समजा ३० ते ५४ व्होल्टचा ड्रायव्हर चालेल. ४६ गुणिले १.३ म्हणजे जवळजवळ ६० वॅट. आपला हिशेब जमला.

पाटी घेताना ती याच्या दुप्पट प्रवाह सोसणारी घ्यावी, आणि निम्म्यावर चालवावी. असे का? तर एलईडीतून जितका अधिक प्रवाह सोडावा, तितकी त्याची दानत उतरते. बैलजोडीला निम्मे ओझे दिले तर ती दिवसभर न थकता चालते, तसेच हे. उष्णतेचेही तेच. पाटी आणि हीट सिंक यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर द्यावा व स्क्रू सारखे आवळावेत. एवढे जमले, तर पुष्कळदा पंख्याची गरजच उरत नाही; आणि पंखा हाच अशा दिव्यातला लवकर बिघडणारा भाग.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरातली २३० व्होल्टची वीज चूक माफ करीत नाही. दिवा उघडण्यापूर्वी नुसते बटन बंद करून भागत नाही. प्लग काढून बाजूला ठेवावा. त्यानंतरही जुन्या ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहते, म्हणून थोडे थांबावे आणि मीटरने तपासूनच हात लावावा. जुन्या दिव्यांतले कित्येक ड्रायव्हर घरच्या विजेपासून अलग केलेले नसतात, म्हणजे एलईडीच्या बाजूलाही जबर धक्का बसू शकतो. नवा ड्रायव्हर अलग पद्धतीचा घ्यावा आणि एलईडीकडचा दाब ६० व्होल्टच्या आत ठेवावा. पत्र्याच्या पेटीला अर्थिंगची हिरवी वायर घट्ट बांधावी. रोपवाटिकेत ओल असतेच; तिथे पाण्यापासून बंदिस्त असा ड्रायव्हर वापरावा, आणि त्या जागेच्या लाइनीवर ३० मिलिअँपिअरची आर. सी. सी. बी. बसवावी. आधी पाट्या जोडाव्यात आणि मगच वीज द्यावी. चालू ड्रायव्हरला पाटी जोडली तर ती त्या झटक्याने जाऊ शकते. मुख्य विजेची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. शाळेत हे काम मुलांच्या हाती देऊ नये. मुलांनी हिशेब करावा, मोजमाप करावे, रोपांची नोंद ठेवावी. पेटलेल्या दिव्याकडे जवळून टक लावून पाहू नये, हेही त्यांना बजावून सांगावे.

दिवा सुरू झाला की वॅटमीटर लावून पाहावा. तासाभराने प्लग काढून पाठीला हात लावावा; हात ठेवता येत नसेल, तर पेस्ट किंवा स्क्रू यांत कसूर राहिली आहे, असे समजावे. उजेड मोजायला साधा लक्समीटर घेतला, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. तो माणसाच्या डोळ्याप्रमाणे मोजतो, झाडाच्या पानाप्रमाणे नव्हे. जांभळ्या दिव्याला तो अन्यायाने कमी गुण देतो. पांढऱ्या एलईडीखाली मात्र सुमारे ७० लक्सला एक मायक्रोमोल असा ढोबळ हिशेब धरता येतो. म्हणजे १५० मायक्रोमोलसाठी साधारण १०,५०० लक्स.

परंतु खरा मीटर म्हणजे रोपच. शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. जुना दिवा मोडण्यापूर्वी त्याच्याखाली टोमॅटोचा एक ट्रे वाढवावा. दिवा सुधारल्यावर तेच बी, तीच माती, तितकेच पाणी आणि तितकेच तास ठेवून दुसरा ट्रे वाढवावा. एकविसाव्या दिवशी दोन्हीकडील वीस-वीस रोपांची उंची, खोडाची जाडी व पानांची संख्या मांडावी, आणि शेजारी दोन्ही वेळचे युनिट लिहावेत. निम्म्या विजेत तशीच ठेंगणी, जाड खोडाची रोपे मिळाली, तर काम साधले. रोपे लांबटली, तर दिवा थोडा खाली आणावा. पाने कडेने वळू लागली किंवा फिकी पडली, तर वर न्यावा.

जुने एलईडी आणि ड्रायव्हर उकिरड्यावर टाकू नयेत. तो उकिरडा उद्या खत होऊन आपल्याच वावरात जायचा असतो. ते ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावेत. आणि दिवा कितीही सुधारला, तरी आभाळ मोकळे झाले की रोपे उन्हात न्यावीत, थोडी थोडी, चार-पाच दिवसांत सवय लावून. भर दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरला सेकंदाला दोन हजारांच्या आसपास मायक्रोमोल पडतात, आणि त्याचे बिल येत नाही.