खारपाणपट्टा आणि शेततळे

मालदीव हे हिंदी महासागरातील चिमुकले द्वीपराष्ट्र. सभोवार अथांग पाणी. परंतु पिण्यासाठी पूर्वापार आधार काय तो भूमीखालच्या गोड्या पाण्याच्या पातळ थराचा आणि साठविलेल्या पावसाचा.

सागरापासून दूर असलेल्या आपल्या वऱ्हाडातही असाच एक प्रदेश आहे. सातपुड्याच्या पायथ्यालगतच्या हिवरखेडाहून दक्षिणेस पूर्णा नदीकडे निघाले, की खारपाणपट्टा लागतो. तेथे विहिरीला पाणी लागते, पण ते खारट. ते पिकांना दिले, तर क्षारांमुळे काळी माती कठीण होते व तिच्यात पाणी जिरेनासे होते. म्हणून तेथील शेती पावसावर अवलंबून; आणि पाऊस तर आता फारच लहरी झाला आहे. कधी दीर्घ उघडीप, तर कधी एकाच दिवशी मुसळधार वृष्टी.

यावर एक उपाय म्हणजे शेततळे. एरवी वाहून जाणारे पाणी त्यात साठते आणि चिकण मातीतून फारसे झिरपत नाही. उघडीप पडली असता तेच पाणी कपाशीला व पुढे हरभऱ्याला दिले, की पीक तगते. २०१८ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून अशा कामांना अनुदान मिळाले.

परंतु ज्याला शेतच नाही, त्याने तळे कोठे खणावे? पीक बुडाले, की मजुराची मजुरीही बुडते. म्हणून या प्रकल्पात भूमिहीनांसाठी शेळीपालनाची व परसातील कोंबड्यांची योजनाही होती.

मुलांनो, तळ्यात पाणी किती साठले, हे जरूर मोजावे. पण त्याचा लाभ किती घरांपर्यंत पोचला, हेही मोजावयास विसरू नये.