लंडनमधला एक मोकळा दिवस आणि माझ्या पोस्टरवरचा आकडा

"दादा, रिव्ह्यू पेपर वाचला की भागतं ना? मूळ पेपर कशाला?" असं बरेच जण विचारतात. उत्तरादाखल माझी एक फजिती सांगतो.

लंडनच्या एका परिषदेत लोणार सरोवराच्या पाण्यावरचं माझं पोस्टर होतं. मी डोणगावचा. लोणार म्हणजे आमच्या मेहकरच्या शेजारचा तालुका, शाळेची सहल ठरलेली. त्यामुळे लोणार आपल्याला माहीतच आहे अशा थाटात मी पहिली ओळ ठोकून दिली होती: 'सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी उल्कापाताने तयार झालेलं विवर.' एक वयस्कर बाई थांबल्या आणि विचारलं, हे वय कोणत्या पद्धतीनं काढलंय? मला सांगता येईना. आकडा मी एका रिव्ह्यूमधून उचलला होता आणि रिव्ह्यूवाल्यानं आणखी कुठून तरी. त्या "ओके" म्हणून पुढच्या पोस्टरकडे गेल्या. ते "ओके" फार लागलं.

दुसरा दिवस मोकळा, विमान रात्रीचं. सकाळी किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर गाठलं. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथं राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. फोटो काढला, आईला पाठवला.

तिथून सोहो भागात, ब्रॉडविक स्ट्रीटवर. इथं दांडा नसलेला एक पंप उभा आहे. १८५४ च्या कॉलऱ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय: डॉ. जॉन स्नोनं नकाशावर मृत्यू मांडले, ते पंपाभोवती दाटलेले दिसले, दांडा काढला, साथ थांबली. गोष्ट छान आहे, पण तशी घडलेली नाही. पंपसुद्धा प्रतिकृती आहे.

आदल्या दिवशीची जखम ताजी होती, म्हणून तिथल्याच एका कट्ट्यावर बसून मोबाईलवर स्नोचं १८५५ चं पुस्तक उघडलं. नेटवर फुकट मिळतं, वाचाच. दांडा ८ सप्टेंबरला निघाला, तोवर साथ ओसरत आली होती. लोक वस्ती सोडून पळाले होते, आणि हे स्नो स्वतःच लिहितो. नकाशाही नंतरचा, पंपावरचा संशय आधीचा. त्याचं खरं काम म्हणजे दारोदारची चौकशी. त्यानं सरकारी यादीतले साथीच्या पहिल्या तीन दिवसांतले ८३ मृत्यू घेतले. त्यातल्या फक्त १० मृत्यूंची घरं दुसऱ्या पंपाला जवळ होती. आपण असतो तर 'आउटलायर' म्हणून सोडून दिली असती. हा गृहस्थ त्या घरांचाही माग काढत गेला. पाच कुटुंबं मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटचंच पाणी आणायची. तीन घरची मुलं त्या पंपाजवळच्या शाळेत जायची. उलट बाजूही तपासली. शेजारच्या दारूभट्टीत सत्तरच्या वर कामगार होते आणि कॉलऱ्यानं एकही दगावला नाही. ते बिअर प्यायचे, शिवाय भट्टीची स्वतःची विहीर होती. मजा म्हणजे हेन्री व्हाइटहेड नावाचा तरुण पाद्री स्नोला खोटं ठरवायला निघाला आणि त्याच्याच चौकशीतून स्नोच्या म्हणण्याला बळ मिळालं.

संध्याकाळी ग्रिनिच. शून्य रेखांशाच्या पट्टीवर एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला ठेवून फोटो काढायला ही रांग! मी फोन काढून जीपीएस पाहिलं तर शून्य येईना. शून्य येतं ते सुमारे १०२ मीटर पूर्वेला, बागेत. चूक कुणाचीच नाही. एअरीची दुर्बीण पाऱ्याच्या पृष्ठभागावरून, म्हणजे त्या जागच्या गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून लंब ठरवायची. ती दिशा पृथ्वीच्या केंद्राकडे तंतोतंत जातेच असं नाही. जीपीएस मात्र केंद्र धरून मोजतं. पद्धत बदलली, रेघ सरकली.

पट्टीवर उभ्या उभ्या मला कालच्या बाई आठवल्या.

विमानतळावर बसून लोणारचे दोन्ही पेपर काढले. ५२ हजार (अधिक-उणे ६ हजार) हे वय १९९७ चं, थर्मोल्युमिनेसन्सनं काढलेलं. आघातानं वितळून बनलेल्या काचेत किरणोत्सर्गामुळे साठत गेलेली ऊर्जा तापवून मोजायची. हा साठा मध्येच गळत राहिला तर वय कमी भरतं. २०११ मध्ये आर्गॉन-आर्गॉन पद्धतीनं आलेलं वय आहे ५ लाख ७० हजार, अधिक-उणे ४७ हजार. म्हणजे दहापटीहून जास्त! आणि मी लहानपणापासून विवराच्या काठावर उभा राहून ५२ हजार म्हणत आलो.

बोर्डिंगच्या आधी गाईडना मेल केला: पहिली ओळ बदलतोय, दोन्ही वयं पद्धतीसकट देतोय. मुंबईत उतरल्यावर उत्तर दिसलं.

"छान. उरलेले १३९ संदर्भ कधी उघडताय?"

सध्या ४१ वर आहे.