मातीच्या धरणाचा धोका कशावरून ठरवावा?

खासगी तलावाचा भराव मजबूत असला म्हणजे चिंता नाही, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु धरणाची धोक्याची प्रतवारी भरावाच्या मजबुतीवरून ठरत नसून, ते फुटल्यास खाली किती घरे व माणसे पाण्यात सापडतील, यावरून ठरते.

अमेरिकेच्या हवाई बेटांतील ‘का लोको’ हे मातीचे खासगी धरण सन १८९० मध्ये उसाच्या पाण्यासाठी बांधले गेले. सरकारी दप्तरी ते ‘अल्प धोक्याचे’ होते. ता. १४ मार्च २००६ रोजी अतिवृष्टीत ते फुटले व खालील वस्तीतील ७ माणसे प्राणास मुकली. सांडवा नसल्याने पाणी भरावावरून वाहिले असावे, असे चौकशीत ठरले. तसे पाणी वाहू लागले की माती धुपून खिंडार पडावयास वेळ लागत नाही.

महसुली दप्तरात उमर घालविलेल्या प्रस्तुत लेखकाचा अनुभव असा की, वस्ती बदलते, नोंद मात्र जुनीच राहते. यास्तव धरणमालक बंधूंनी दर साल मृगापूर्वी दोन गोष्टी स्वतः पाहाव्या: सांडवा मोकळा आहे काय, आणि ओढ्याकाठी नवे घर उठले आहे काय. घर उठले, की त्याच दिवशी आपल्या धरणाची प्रत बदलली, असे समजावे.